डोक्यावरचा ढीग

रिचर्ड लेवेलिन यांची ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’ ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. वेल्समधील खाणकामगाराचा मुलगा ह्यू मॉर्गन तीत आपले बालपण सांगतो. बाप संपाच्या विरुद्ध, थोरले मुलगे संघटनेच्या बाजूचे, घर दुभंगते. संघटनेचे काम करणाऱ्या मला मात्र त्याहून बोलका वाटतो तो घरामागे वाढत जाणारा, खाणीच्या टाकाऊ दगडमातीचा ढीग. कोळशाचा पैसा मालकाकडे जातो. ढीग कामगाराच्या दारी राहतो.

१९४७ साली ब्रिटनच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. मालक बदलला, ढीग तसेच राहिले. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधल्याच अ‍ॅबरफॅन गावी असा एक ढीग शाळेवर व घरांवर कोसळला. १४४ जीव गेले, त्यांत ११६ मुले होती. चौकशीत राष्ट्रीय कोळसा मंडळ दोषी ठरले. तरी उरलेले ढीग हलविण्यासाठी लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले. ती रक्कम परत मिळाली १९९७ साली!

मालकी कोणाची, हा प्रश्न मोठा खराच. पण आपल्या डोक्यावर काय रचले जात आहे, हे विचारण्याचा हक्क कामगाराने कोणत्याही मालकापुढे सोडू नये.