मस्टँगचे चंदेरी पंख

मंडळी, आता मस्टँगकडे येऊ. १९४४ च्या सुरुवातीपासून ही अमेरिकन लढाऊ विमानं कारखान्यातून बिनरंगाची बाहेर पडू लागली. रंगाचं वजन वाचलं, वेळही वाचला. म्हणून आपण मॉडेल करताना काय करतो? आधी चकचकीत काळ्या रंगाचा हात, त्यावर अॅल्युमिनियमचा पातळ फवारा, आणि सगळं विमान आरशासारखं! पण खऱ्या पी-५१ च्या पंखांची गोष्ट वेगळी आहे. पुढच्या भागातले रिव्हेट आणि सांधे कारखान्यातच पुट्टीने बुजवत, घासत आणि पंखांना चंदेरी रंग देत. हवा पंखावरून न अडखळता वाहावी, हा हेतू. उघडा धातू दिसायचा तो मुख्यतः धडावर. तेव्हा आपण पंख जरा मंद आणि सपाटच ठेवू या. चकाकी कमी होईल, इतिहास मात्र खरा राहील.