जुन्या कॅमेऱ्याची अंतरपट्टी : ओळखावी कशी, बनवावी कशी?

डिजिटल छायाचित्रणाने सर्वत्र बस्तान बसवले असले, तरी चार बाय पाच इंच किंवा त्याहून मोठ्या फिल्मवर छायाचित्रे घेणाऱ्या हौशी आणि व्यावसायिक मंडळींचा एक वर्ग आजही टिकून आहे. अशा फिल्मचे कॅमेरे बहुधा जुन्या बाजारातून, लिलावातून किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून हाती येतात. ते घेताना भात्याला छिद्रे आहेत का, भिंगावर बुरशी चढली आहे का, शटर नीट चालते का, हे पाहिले जाते. मात्र कॅमेऱ्याच्या पाट्यावर रुळांच्या कडेला बसवलेल्या, आकडे कोरलेल्या एका लहानशा धातूच्या पट्टीकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. ही पट्टी म्हणजे फोकसची अंतरपट्टी होय. ती चुकीची असेल, तर उत्तम भिंग आणि महागडी फिल्म असूनही छायाचित्र धूसर येते.

पट्टीचे काम

मोठ्या कॅमेऱ्यात फोकस साधण्याचा मूळ मार्ग मागच्या दुधी काचेचा. काळे कापड डोक्यावर घ्यायचे, काचेवरची उलटी प्रतिमा भिंगातून निरखायची आणि ती रेखीव होईपर्यंत कॅमेऱ्याचे भिंग पुढेमागे करायचे. पण फिल्मचा होल्डर आत सरकवला की दुधी काच झाकली जाते. त्यानंतर विषय हलला, तर छायाचित्रकाराला आत काहीच दिसत नाही. अंधाऱ्या जागी तर काचेवर प्रतिमाच धड उमटत नाही. अशा वेळी विषयाचे अंतर मोजायचे किंवा अजमावायचे आणि रुळावरचा काटा पट्टीवरच्या त्या आकड्याशी आणून ठेवायचा, एवढाच उपाय उरतो. कॅमेऱ्यावर अंतरमापक बसवलेला असेल तर गोष्ट वेगळी. पण तोही त्या भिंगाशी जुळवलेला असावा लागतो.

वृत्तपत्रीय छायाचित्रणाच्या इतिहासात या सोयीला मोठे महत्त्व होते. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे बनणारा 'स्पीड ग्राफिक' हा कॅमेरा १९१२ साली बाजारात आला आणि पुढची अनेक दशके तो वृत्तछायाचित्रकाराची खूण बनून राहिला. जो रोझेन्थाल यांनी २३ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमा बेटावर ध्वज उभारणाऱ्या सैनिकांचे जगप्रसिद्ध छायाचित्र टिपले, ते याच कॅमेऱ्याने. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) यांनीही स्पीड ग्राफिक वापरला होता. ज्या प्रसंगाला दुसरी संधी नसते, तेथे काळ्या कापडाखाली शिरायला उसंत मिळत नाही.

एक पट्टी, एक नाभीय अंतर

पट्टीवरचे आकडे विषयाचे अंतर सांगतात. परंतु पट्टी प्रत्यक्षात मोजते ते भिंगाचे सरकणे. दूरच्या डोंगरावर, म्हणजे व्यवहारात अनंतावर, फोकस असताना भिंग जेथे असते ती आरंभाची जागा. विषय जवळ येतो तसे भिंग तेथून पुढे न्यावे लागते. किती पुढे, हे भिंगाच्या नाभीय अंतरावर ठरते. त्याचे सूत्र शालेय प्रकाशशास्त्रातूनच निघते : नाभीय अंतराचा वर्ग करावा आणि त्याला, विषयाचे भिंगापासूनचे अंतर वजा नाभीय अंतर, या संख्येने भागावे. सर्व मापे मिलिमीटरमध्ये घ्यावीत.

१५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगासाठी येणारी उत्तरे अशी :

१० मीटर – २.३ मिमी
५ मीटर – ४.६ मिमी
३ मीटर – ७.९ मिमी
२ मीटर – १२.२ मिमी
१.५ मीटर – १६.७ मिमी
१ मीटर – २६.५ मिमी

अनंतापासून दहा मीटरपर्यंतचे सारे जग अवघ्या सव्वादोन मिलिमीटरांत मावते, तर दोन मीटरवरून एक मीटरवर येण्यासाठी चौदा मिलिमीटरांहून अधिक जागा लागते. म्हणूनच पट्टीवरच्या खुणा एका टोकाला दाटीने आणि दुसऱ्या टोकाला विरळ दिसतात.

या सूत्रात कॅमेऱ्याच्या नावाला किंवा बनावटीला स्थान नाही. आहे ते केवळ भिंगाच्या नाभीय अंतराला. त्यामुळे भिंग बदलले की पट्टीही बदलायला हवी. समजा, १३५ मिमी भिंगाची पट्टी बसवलेल्या कॅमेऱ्यावर कुणी १५० मिमीचे भिंग चढवले. पट्टीवर तीन मीटरची खूण ६.४ मिलिमीटरवर आहे. तेवढे सरकल्यावर १५० मिमीच्या भिंगाचा फोकस साधारण ३.७ मीटरवर जातो. छिद्र एफ/१६ इतके बारीक असेल, तर क्षेत्रखोलीमुळे ही चूक जेमतेम झाकली जाते. पण एफ/४.७ वर रेखीव क्षेत्र साधारण ३.४ मीटरपासून पुढे सुरू होते आणि तीन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा धूसर येतो. उन्हात घेतलेली छायाचित्रे ठीक आणि सायंकाळची बिघडलेली, असा अनुभव येत असेल तर संशय प्रथम पट्टीवर घ्यावा.

जुन्या कॅमेऱ्यांबाबत ही शक्यता नेहमीच असते. विशेषतः स्पीड ग्राफिकमध्ये फिल्मच्या लगत पुढे पडद्याचे शटर असल्याने स्वतःचे शटर नसलेली भिंगेही त्यावर चालतात. साहजिकच अशा कॅमेऱ्यांवर अनेक भिंगे चढली आणि उतरली; पट्टी मात्र पहिल्या मालकाच्या भिंगाचीच राहिली.

पट्टी ओळखण्याची रीत

पट्टीवर नाभीय अंतर लिहिलेले नसले, तरी ते शोधून काढता येते. व्हर्नियर कॅलिपरने अनंताच्या खुणेपासून एखाद्या जवळच्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. अमेरिकी कॅमेऱ्यांवर आकडे बहुधा फुटांत, तर जर्मन कॅमेऱ्यांवर मीटरमध्ये असतात. एक फूट म्हणजे ३०४.८ मिमी. सहा फुटांच्या खुणेसाठी नेहमीच्या भिंगांची मापे अशी येतात :

१२७ मिमी भिंग – ९.५ मिमी
१३५ मिमी भिंग – १०.८ मिमी
१५० मिमी भिंग – १३.४ मिमी
२०३ मिमी भिंग – २५.३ मिमी

अन्य खुणांसाठी एक सोपी आकडेमोड पुरते. खुणांमधले माप आणि त्या खुणेवरचे विषय-अंतर यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढावे आणि त्यातून खुणांमधल्या मापाचे निम्मे वजा करावे. उदाहरणार्थ, १३.४ आणि १८२९ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ १५६.५, त्यातून ६.७ वजा केले की जवळजवळ १५० उरतात. तेच त्या पट्टीचे नाभीय अंतर.

येथे एक खोच आहे. काही पट्ट्यांवरची अंतरे भिंगापासून, तर काहींवरची फिल्मच्या प्रतलापासून धरलेली असतात. १५० मिमीची पट्टी दुसऱ्या प्रकारची असेल, तर सहा फुटांच्या खुणेवरून उत्तर १५८ च्या आसपास येते आणि पंधरा फुटांच्या खुणेवरून १५३ च्या आसपास. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये. दोन खुणांची उत्तरे जुळली तर अंतरे भिंगापासूनची आहेत. जवळच्या खुणेवरून येणारे उत्तर सातत्याने मोठे असेल, तर ती फिल्मपासूनची आहेत, असे समजावे.

पट्टी योग्य असूनही फोकस चुकत असेल, तर दोष तिच्या जागेत असू शकतो. प्रथम दुधी काचेवर दूरच्या वस्तूवर फोकस साधावा आणि काटा कोठे येतो ते पाहावे. नंतर टेपने मोजलेल्या दोन मीटरवर तेच करावे. दोन्ही ठिकाणी काटा सारख्याच मिलिमीटरांनी चुकत असेल, तर पट्टी सरकवून बसवली की काम भागते. अनंत बरोबर आणि दोन मीटर चूक, असे असेल तर पट्टी दुसऱ्या भिंगाची आहे. मग नवी बनवण्यावाचून गत्यंतर नाही.

नवी पट्टी बनवताना

पहिली पायरी दुधी काचेची. काचेची खरबरीत बाजू भिंगाकडे असली पाहिजे आणि तिचे प्रतल फिल्मच्या प्रतलाशी तंतोतंत जुळले पाहिजे. चार बाय पाच इंची होल्डरमध्ये फिल्मच्या खोलीचे प्रमाणित माप ०.१९७ इंच, म्हणजे ५ मिमी आहे. दुधी काचही तेवढ्याच खोलीवर हवी. काही ग्राफिक कॅमेऱ्यांत दुधी काचेच्या पुढे, भिंगाच्या बाजूला, प्रतिमा उजळ करणारी फ्रेनेल पट्टिका असते. एखाद्या मालकाने ती काढून टाकली असेल, तर फोकस तिच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश इतका सरकतो. मूळ पायाच चुकला, तर त्यावर आखलेली पट्टीही चुकणारच.

दुसरी पायरी अनंत ठरवण्याची. रूळ पूर्ण मागे घेऊन, भिंगाचा उभा पट त्याच्या थांब्यांना टेकवून, दूरची वस्तू काचेवर पाहावी आणि ती रेखीव होईल अशा जागी थांबे पक्के करावेत. वस्तू किमान अर्धा किलोमीटर दूर असावी. १५० मिमीच्या भिंगाला तेवढ्या अंतरावर पडणारा फरक पाच शतांश मिलिमीटरहूनही कमी असतो. गच्चीवरून दिसणारा दूरचा मनोरा किंवा रात्रीचा चंद्र या कामी उत्तम.

तिसरी पायरी प्रत्यक्ष मोजणीची. भिंगावर कोरलेले नाभीय अंतर हे नाममात्र असते. प्रत्यक्षात त्यात थोडाफार फरक असू शकतो. तो दोन टक्के असला, तर सरकण्यात चार टक्क्यांची चूक येते. म्हणून केवळ सूत्रावर विसंबू नये. रुळाच्या कडेला कागदाची पांढरी पट्टी चिकटवावी. भिंतीवर वर्तमानपत्राचे पान लावून टेपने एक, दीड, दोन, तीन आणि पाच मीटर अंतरे मोजावीत. छिद्र पूर्ण उघडे ठेवावे, काचेवर सूक्ष्म भिंग धरून अक्षरे रेखीव करावीत आणि अणकुचीदार पेन्सिलने खूण करावी. प्रत्येक अंतरासाठी तीन वेळा मोजून मधली खूण घ्यावी. दात्यांमधली ढिलाई बाधू नये, म्हणून प्रत्येक वेळी चाक एकाच दिशेने फिरवत आणावे.

चौथी पायरी पडताळ्याची. मोजलेल्या खुणांवरून भिंगाचे खरे नाभीय अंतर काढावे आणि ते सूत्रात घालून सर्व खुणा पुन्हा आखाव्यात. हाताने केलेल्या एखाद्या खुणेतली चूक अशा रीतीने लगेच उघडी पडते. दूरच्या खुणा तर सूत्रानेच घ्याव्यात. दहा मीटरजवळ पेन्सिलीची रेघ ०.३ मिमीने हलली, तरी अंतर नऊ मीटरच्या खाली किंवा साडेअकरा मीटरपर्यंत जाते.

पाचवी पायरी छपाईची. संगणकावर खऱ्या मापात आराखडा काढून तो जाड, गुळगुळीत कागदावर छापावा. मुद्रकयंत्र आकार किंचित कमीजास्त करते, म्हणून शेजारी १०० मिमीची रेघ छापून ती मोजावी. टिकाऊ पट्टी हवी असेल, तर नामफलक आणि सन्मानचिन्हे बनवणारे कारागीर पितळ किंवा अॅल्युमिनियमवर लेझरने खुणा कोरून देऊ शकतात. पट्टीवर भिंगाचे नाव, नाभीय अंतर आणि अंतरे कोठून मोजली आहेत, हे अवश्य लिहावे. आपल्यानंतर कॅमेरा ज्याच्या हाती जाईल, त्याचे अर्धे कष्ट त्यामुळे वाचतील.

अखेरची परीक्षा फिल्मवरच घ्यावी. छिद्र पूर्ण उघडे ठेवून, केवळ पट्टीच्या आधारे, दोन मीटरवरील वस्तूचे एक छायाचित्र काढावे. ते रेखीव आले, तर पट्टी विश्वासार्ह ठरली.

जुनी पट्टी जपावी

नवी पट्टी दुहेरी चिकटपट्टीने बसवावी. कायमचा गोंद वापरू नये. मूळ पट्टी उपयोगाची नसली, तरी फेकून देऊ नये. जर्मनीच्या लिनहॉफ कंपनीने आपल्या टेक्निका कॅमेऱ्यांच्या अंतरमापकाच्या कॅमवर भिंगाचा क्रमांक कोरण्याची प्रथा ठेवली होती. कॅम आणि भिंग एकत्र राहिले, तरच त्या कॅमेऱ्याचे मोल टिकते. अंतरपट्टीचेही तसेच आहे. कॅमेरा कारखान्यातून किंवा पहिल्या मालकाकडून कोणत्या भिंगासह निघाला असावा, याचा तो कित्येकदा एकमेव पुरावा असतो. भविष्यात तसे भिंग मिळाले, तर हीच जुनी पट्टी पुन्हा कामाला येईल.