विल : तत्काळ निश्चय व मदतीची तयारी

इंग्रजीतील एक साहाय्यक क्रियापद. बोलता बोलता घेतलेला निर्णय किंवा आपणहून देऊ केलेली मदत सांगताना ते प्रथमपुरुषी येते आणि बोलण्यात त्याचा ‘आय’ल’ असा संक्षेप होतो. दारावरची बेल वाजताच उठणारा ‘आय’ल गेट इट’ म्हणतो. हॉटेलात मेनूकार्ड पाहून गिऱ्हाईक ‘आय’ल हॅव द सूप’ सांगते. शालेय व्याकरणे हा प्रयोग साध्या भविष्यकाळात घालतात, पण त्यामुळे त्याचा गाभाच निसटतो. इथे ‘विल’ काळ दाखवत नाही. बोलणारा त्या क्षणी स्वतःवर घेत असलेली जबाबदारी दाखवते.

प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ ‘इच्छिणे’ असा होता आणि तो आजही टिकून आहे. ‘ही वोन्ट लिसन’ हे बहुधा भाकीत नसते. तो ऐकायला तयार नाही, ही आत्ताची तक्रार असते. ‘इफ’ने सुरू होणाऱ्या उपवाक्यात भविष्यासाठी एरवी ‘विल’ येत नाही, तरी ‘इफ यू विल वेट हिअर’ हे शुद्ध ठरते, कारण तिथे समोरच्याची तयारी अपेक्षित असते. हडलस्टन व पुलम यांच्या 2002 मधील केंब्रिज व्याकरणाने तर इंग्रजीला भविष्यकाळच नाही असे मानून ‘विल’ला ‘कॅन’, ‘मस्ट’ यांच्या पंक्तीत बसवले.

कृती पुढे घडते, म्हणून हा भविष्यकाळच, असा आक्षेप घेतला जातो. पण ‘यू मस्ट गो’ यातले जाणेही पुढेच घडायचे असते, तरी त्याला कोणी भविष्यकाळ म्हणत नाही. ‘गोइंग टू’ही इरादाच सांगते, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दूध संपल्याचे आत्ताच कळले तर ‘आय’ल गेट सम’ म्हणतात. आधीच ठरले असेल तर ‘आय’म गोइंग टू गेट सम’. बोलण्यात ही सीमा कधी कधी पुसट होते, हे खरे. मदत देऊ करताना मात्र ती ठळक होते : ‘आय’म गोइंग टू कॅरी युअर बॅग’ ऐकणाऱ्याला हो-नाही म्हणायला जागाच ठेवत नाही. मदत प्रश्नरूपाने देऊ करताना इंग्लंडमध्ये ‘शॅल आय’, तर स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये ‘विल आय’ही म्हणतात.

मराठी माणूस अशा वेळी ‘थांबा, मी उघडतो’ असे वर्तमानकाळी रूप वापरतो. तेच इंग्रजीत नेले की ‘आय ओपन द डोअर’ होते आणि ते सवय सांगितल्यासारखे वाटते. म्हणून वर्गात ‘आय’ल’ची जोडी ‘उघडीन’शी न लावता ‘उघडतो’शी लावावी. काळाचा तक्ता घोकण्यापेक्षा ‘हे आत्ता ठरले का?’ हा प्रश्न विद्यार्थ्याला योग्य रूपाकडे लवकर नेतो.