उंदीर: एक शब्द, अनेक प्राणी

मराठीत 'उंदीर' हा शब्द फार उदार आहे. कौलांतून रात्री धावणारा काळसर प्राणी, गटारातला जाड शेपटीचा दांडगा प्राणी आणि पिंजऱ्यात चाक फिरवणारा गुबगुबीत पांढरा जीव या सर्वांना तो बिनतक्रार सामावून घेतो. 'मूषक' म्हटले की तो थेट गणपतीच्या पायाशी जाऊन बसतो. वेगळे नाव मिळाले ते घुशीला आणि चिचुंद्रीला. त्यातली चिचुंद्री तर उंदरांच्या कुळातलीच नव्हे. त्यामुळे ठाण्यातल्या किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या सदनिकेत कुणी उंदीर पाळला की घरातली वडीलधारी मंडळी जो आक्षेप घेतात, तो नेमका कोणत्या उंदरावर असतो हे त्यांनाही सांगता येत नाही. हा प्रश्न प्राणिशास्त्राचा वाटला तरी त्याचे उत्तर इतिहासात, आणि तेही आपल्याच परिसराच्या इतिहासात आहे.

पिंजऱ्यातला उंदीर हा तपकिरी उंदराचा, म्हणजे रॅटस नॉर्वेजिकसचा वंशज. हे नाव १७६९ साली जॉन बर्केनहाउटने दिले. नॉर्वेचा त्याच्याशी काही संबंध नाही, त्याचे मूळ पूर्व आशियात. हौसेने उंदीर पाळण्याची पहिली ठळक नोंदही तिकडचीच आहे: जपानमध्ये १७७५ साली उंदीर-पालनावर एक मार्गदर्शक पुस्तक निघाले होते. लंडनमध्ये मात्र पाळणाऱ्याचा व्यवसाय मारण्याचाच होता. हेन्री मेह्यू यांनी ज्याची मुलाखत घेतली तो जॅक ब्लॅक व्हिक्टोरिया राणीचा उंदीरमारू म्हणून मिरवत असे. पकडलेल्यांतले वेगळ्या रंगाचे उंदीर तो बाजूला ठेवी, त्यांची वीण वाढवी आणि विकत असे. पुढे १९०१ साली मेरी डग्लस या बाईंच्या प्रयत्नाने एल्सबरीच्या प्रदर्शनात उंदरांना प्रथम मानाची जागा मिळाली.

हे १९०१ साल आपल्याकडे कसे होते? प्लेगचे पाचवे वर्ष.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मुंबई सोडून लोक पळू लागले, आणि पळायला रेल्वे तयारच होती. १८५३ साली ठाण्याला आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोचलेला हा लोहमार्ग आता माणसांबरोबर रोगही वाहून नेऊ लागला. (त्या काळी वांद्रे आणि कुर्लाही ठाणे जिल्ह्यातच मोडत, हे आज आठवणीत नसते.) कल्याण हे दोन मार्गांच्या फाट्याचे जंक्शन, म्हणून प्रवाशांची वैद्यकीय तपासणी तेथे होऊ लागली. कुणाच्या काखेत गाठ आहे का, अंगात ताप आहे का, ते फलाटावरच पाहिले जाई. या तपासणीचा, घरझडतीचा आणि सक्तीच्या विलगीकरणाचा संताप पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारापर्यंत गेला. तो अध्याय आपण शाळेत शिकतो. त्या झडत्यांच्या वेळी आढ्यावर बसलेल्या उंदराचा अध्याय मात्र अभ्यासक्रमात नाही.

लोकांना तो ठाऊक होता. 'उंदीर पडणे' हा वाक्प्रचार त्याच काळाचा. गावात उंदीर पडू लागले की माणसे घरदार सोडून शेतात झोपड्या घालून राहात. सरकारी उपाय दीर्घकाळ माणसाचा माग काढीत राहिले, आणि सामान्य माणसाने मात्र उंदराकडे पाहून निर्णय घेतला. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत पिसवेचा दुवा दाखवला, पण त्यांच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी १९०३ मध्ये प्राणिसंग्रहालयातले गिनीपिग प्लेगने मेल्याचे पाहिले, आणि त्यांच्या अंगावर उंदराच्या पिसवा सापडल्या. मग १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) प्लेग आयोगाने पद्धतशीर प्रयोग केले. प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडले, काहींना पिसवा पोचू शकणार नाहीत अशा जाळीत ठेवले, आणि जाळीतले वाचले.

आयोगाचा एक निष्कर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. मुंबईत साथ आधी तपकिरी उंदरांत येई. सुमारे दहा दिवसांनी ती काळ्या घरउंदरांत उतरे. त्यानंतर पुन्हा तितक्याच काळाने ती माणसांत दिसे. तपकिरी उंदीर गटारातला, काळा उंदीर घरातला. पहिल्याकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून आपल्याकडे. काळा उंदीर, रॅटस रॅटस, मूळचा आपल्याच उपखंडातला आणि येथूनच व्यापाराबरोबर पश्चिमेकडे गेलेला. युरोपने घाबरून आठवणीत ठेवला तो आपला, आणि युरोपने कुरवाळला तो बंदरांतून आपल्याकडे आलेला. इतक्या सहस्रकांच्या शेजारात काळ्या उंदराला आपण माणसाळवले नाही. की त्यानेच तशी वेळ येऊ दिली नाही, कोण जाणे.

पुढे मुंबईच्या जमिनीत या दोघांनाही मागे सारून लहान घूस (बँडिकोटा बेंगालेन्सिस) मोठ्या प्रमाणावर पसरली. 'बँडिकूट' हा इंग्रजी शब्द तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु' म्हणजे 'डुक्कर-उंदीर' यावरून आला. मराठीने तिला स्वतंत्र नाव दिले ते योग्यच झाले.

प्लेग संपला असे वाटत असतानाच १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात तो पुन्हा दिसला. आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर ओस पडलेल्या घरांतल्या धान्यावर उंदीर वाढले, हे त्याचे कारण सांगितले जाते. ठाणे-कल्याणच्या पट्ट्याला मात्र उंदराची ओळख पुन्हा पटली ती वेगळ्या रोगाने. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिस पसरला, आणि उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून अनवाणी चालणे म्हणजे काय, हे शहरी माणसाला कळले.

पाळीव उंदीर या रोगांचा जन्मजात वाहक नव्हे. स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेला उंदीर सहसा निरोगी असतो. पण गटारातला तपकिरी उंदीर त्याच्याच जातीचा आहे, दोघांची वीण सहज होते, आणि खिडकीशी ठेवलेल्या पिंजऱ्याभोवती रात्री येणारा पाहुणा आपल्या अंगावरचे सारे काही घेऊन येतो. काळ्या उंदराशी मात्र त्याची संतती होत नाही. म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांनी लहानपणी आढ्यावर पाहिलेला उंदीर आणि नातवाच्या खांद्यावर बसलेला उंदीर यांचे नाते दूरच्या चुलत्यांचे. प्रयोगशाळांतल्या पांढऱ्या उंदरांच्या शंभराहून अधिक वाणांचा जनुकीय अभ्यास झाला आहे. त्यावरून दिसते की त्यांचा पांढरेपणा एकाच पूर्वजापासून आलेला आहे. तो पूर्वज कोणत्या गावचा, याची नोंद कुणी ठेवली नाही.