माणसाची टेस्ट गाईला का चालली नाही?

मी लहान असताना आमच्या गोठ्यात एक दुभती गाय होती. रात्री नीट वैरण खाऊन रवंथ करत बसली आणि सकाळी धार काढायला बसलो तर एक सड दगडासारखा. औषधं झाली, पण तो सड कायमचा गेला. आजोबा एवढंच म्हणाले, "जनावर सांगत नाही रे."

आजचा भाग त्या वाक्याबद्दल आहे. पण सुरुवात गोठ्यात होत नाही, न्यूयॉर्कमध्ये होते.

साल 1930. रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूपासून काढलेला 'सी' नावाचा अंश त्यांनी रुग्णाच्या सीरममध्ये मिसळला, की साका धरायचा. रुग्ण बरा झाला की साका धरणं बंद! पुढे तिथल्याच ऑस्वाल्ड एव्हरींच्या प्रयोगशाळेत हे एक प्रथिन असल्याचं दिसलं आणि 1941 च्या सुमारास 'अॅक्यूट फेज' हा शब्द आला. आज डॉक्टर लिहून देतात ती सीआरपी टेस्ट म्हणजे हेच प्रथिन.

होतं काय, की शरीरात कुठेही जंतू शिरले किंवा इजा झाली की तिथल्या पेशी रासायनिक निरोप धाडतात. तो यकृताला पोचतो आणि यकृत ही प्रथिनं भराभर तयार करून रक्तात सोडतं.

मग गाईचंही सीआरपी मोजा, झालं काम! असं वाटेल ना? पण इथेच गंमत आहे. माणसात शेकडो पटींनी चढणारं सीआरपी गाईत फारसं हलतच नाही. तिचं यकृत वेगळं प्रथिन निवडतं, हॅप्टोग्लोबिन. हे प्रथिन 1938 मध्ये पॅरिसमध्ये पोलोनोव्स्की आणि जायल यांनी ओळखलं होतं. फुटलेल्या तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन ते धरून ठेवतं. निरोगी गाईच्या रक्तात ते जवळजवळ नसतंच आणि दाह झाला की शंभर पटींहून जास्त वाढू शकतं. 1971 मध्ये स्पूनर आणि मिलर यांनी रवंथ करणाऱ्या जनावरांत दाह ओळखण्यासाठी ते मोजावं, असं मांडलं. म्हणजे जवळपास चाळीस वर्षांनी गाईला तिची स्वतःची टेस्ट मिळाली.

2001 मध्ये ग्लासगोच्या एकरसॉल आणि सहकाऱ्यांनी कासदाह, म्हणजे आपली दगडी, झालेल्या गाईंच्या दुधातही ही प्रथिनं मोजली. त्यातलं सीरम अॅमिलॉइड ए याचा एक प्रकार तर खुद्द कासेतच बनतो. म्हणजे सुई न टोचता, धारेच्या दुधातूनच खूण मिळू शकते.

एक सावधगिरी मात्र हवी. लांबच्या वाहतुकीचा ताण, अवघड विताप, यांनीही ही प्रथिनं वाढू शकतात. प्रथिन सांगतं 'काहीतरी बिघडलंय'. काय बिघडलंय, ते डॉक्टरांनी जनावराला हात लावूनच शोधायचं.

आजोबांचं वाक्य मला आता अर्धंच पटतं. आमची गाय त्या रात्री सांगत असणार. ती भाषा आमच्या घरात कुणाला येत नव्हती, इतकंच.

तुमच्या गोठ्यातला अनुभव नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात.