दर्या आणि दऱ्या

जावजी दादाजींनी १८६४ साली मुंबईत खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि पाच वर्षांनी निर्णयसागर छापखान्याची स्थापना केली, त्या काळी नागरी मुद्रणाचे यश दोघांच्या मेळावर अवलंबून असे: पोलादी ठशावर अक्षर कोरणारा कारागीर, आणि खिळे घरातून उचलून ओळीत बसविणारा जुळारी. निर्णयसागरचे कारागीर राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांना जो लौकिक लाभला, त्यात जुळाऱ्याच्या बोटांचाही वाटा होता; कारण उच्चारात मागून येणारी ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी बसवावी आणि आधी उच्चारला जाणारा रफार पुढल्या अक्षराच्या माथ्यावर चढवावा, हे खिळ्यांवर कोठेही लिहिलेले नसे; ते ज्ञान त्या बोटांत वसत असे.

संगणक आला आणि जुळारी गेला, तेव्हा त्याची ही मिरास प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हवाली झाली. पण अक्षराच्या वळणाची नजर त्याच्या विद्येत समाविष्ट नव्हती. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी संगणकतज्ज्ञांच्या सहवासात जे काम केले, त्याचे मोल यातच आहे. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांच्याच आरेखनाचा. अशा फॉन्टच्या उदरात आकृतींचा संग्रह तर असतोच, शिवाय कोणत्या अक्षरापुढे कोणते आले असता कोणती आकृती घ्यावी, याचा बारकाईने मांडलेला दस्तूरही असतो.

समुद्रवाचक ‘दर्या’ आणि डोंगरांतल्या ‘दऱ्या’ हे शब्द पाहावेत. दोहोंत ‘र’ ‘य’ला मिळतो, पण पहिल्यात तो रफार होऊन माथ्यावर जातो, तर दुसऱ्यात चंद्रकोरीसारखा ‘य’ला बिलगतो. मराठी डोळ्याला हा भेद तत्काळ उमगतो. यंत्राला तो सांगावा लागतो. म्हणून द्रविड भाषांतील ध्वनीसाठी राखलेल्या, खाली नुक्ता असलेल्या ‘ऱ’च्या युनिकोड संकेतांकावरच मराठीची ही सोय लावण्यात आली. तथापि संकेतांक मिळाला तरी ती कोर डौलदार काढणारा हात लागतो, आणि हाताने काढली तरी तिला नेमक्या जागी पाचारण करणारा नियम लागतो. नियम लिहिणाऱ्याने कुचराई केली, तर सह्याद्रीच्या वर्णनात भलताच समुद्र उसळायचा.