खोडदची चाळणी

नाशिकच्या द्वारका चौकातून पुण्याचा रस्ता धरला, की सिन्नर, संगमनेर, आळेफाटा मागे टाकत नारायणगाव येते. तिथून खोडदकडे वळल्यावर शेतांपलीकडे ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या दिसू लागतात. अशा ३० तबकड्यांची ही महाकाय रेडिओ दुर्बीण. जवळ गेल्यावर नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. तबकडीतून आरपार आकाश दिसते! मग ती अडवते तरी काय?

या प्रश्नाचे मूळ एका रुमालात सापडते. १७८५च्या सुमारास फिलाडेल्फियात फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी रेशमी रुमालातून रस्त्यावरचा दिवा पाहिला, तेव्हा काळ्या रेघा दिसल्या. रुमाल हलवला तरी रेघा जागच्या जागीच. त्यांनी डेव्हिड रिटनहाउस यांना विचारले. रिटनहाउस यांनी केस समांतर ताणून प्रयोग केला आणि त्यांना आढळले, की तांबडा प्रकाश निळ्यापेक्षा जास्त वळतो. म्हणजे धाग्यांची ठरावीक वीण प्रत्येक रंगाला निराळी वागणूक देते. शंभर वर्षांनी, १८८८मध्ये, हर्ट्झ यांनी तारांच्या चौकटीने रेडिओ लहरी अडवून दाखवल्या.

लहर तारेवर आदळली, की तारेत प्रवाह खेळतो आणि ती तार स्वतःच लहर सोडू लागते. भोके लहरीच्या लांबीपेक्षा बरीच लहान असतील, तर साऱ्या तारा एकदिलाने वागतात आणि लहर परत फिरते. प्रकाशाची लहर इतकी बारीक, की तिला ही भोके म्हणजे सताड उघडी दारेच. आपल्या चाळणीत भरड वर राहते, बारीक खाली जाते, इथेही तेच.

गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच हिशेब मांडला. पकडायच्या होत्या साधारण दोन मीटरपासून २१ सेंटिमीटरपर्यंतच्या लहरी. त्यासाठी ०.५५ मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची तार आणि मध्यापासून काठाकडे १०, १५, २० मिलिमीटरची भोके. गणित करून पाहिले, तर काठाकडच्या जाळीत धातूने व्यापलेली जागा जेमतेम पाच टक्के भरते. उरलेल्यातून वारा निघून जातो. वाऱ्याचा जोर कमी, म्हणून लोखंड कमी, म्हणून खर्च आवाक्यात. २१ सेंटिमीटरच्या लहरी थोड्या गळतात, ही त्याची किंमत.

आज धातूवर सुटे क्रूस, कडी किंवा फटी कोरून नेमकी एकच लहर अडवता येते, किंवा एकच जाऊ देता येते. विमानाच्या रडारवरचे आवरणही असे करता येते. खोडदची जाळी त्याच घराण्यातली, साधी आणि थोरली. तिला स्वस्तातली तडजोड म्हणू नये. काय अडवायचे याइतकाच काय जाऊ द्यायचे याचाही विचार तिच्या प्रत्येक भोकात आहे.